भाजलेलं आलं

अर्चनाला ऑफिसात बढती मिळाली, तेव्हा तिनं सासूसासऱ्यांना अण्णा नगरातल्या एका व्हिएतनामी रेस्टॉरंटात जेवायला बोलावलं. अर्चना मूळची नाशिकची. श्रीहरीशी लग्न करून चेन्नईत आली त्याला सहा वर्षं झाली होती. दोघं अण्णा नगरात राहायची आणि सासूसासरे, गोदा व जयतीर्थराव, वेस्ट मांबलमच्या जुन्या फ्लॅटमध्ये.

गोदाला हा बेत पसंत नव्हता. फोनवर ती म्हणाली, "मज काही नाही, मी दहीभातावरही राहीन. यांचं काय करशील? रसमात चिंच जरा वर झाली तर वाटी बाजूला सारतात."

"अम्मा, तिथे शाकाहारी पुष्कळ असतं. मी विचारलंय," अर्चना म्हणाली.

जयतीर्थराव एकाहत्तर वर्षांचे होते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. घरात ते पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेत नसत. जेवण आवडलं तर गप्प जेवत, नाही आवडलं तर गप्प उठत. यातलं काय झालं हे गोदा त्यांच्या पाठीवरून ओळखायची. तंजावरकडच्या मराठी घरातला पुरुष असाच असतो, अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली होती, कारण तिचे वडीलही तसेच होते.

रविवारी दुपारी चौघं रेस्टॉरंटात बसली. वाढणारी मुलगी मिझोरामची होती आणि तमिळ छान बोलत होती. तिनं टेबलावर एक मोठं ताट आणून ठेवलं. त्यात पुदिना, तुळशीसारखा वास येणारा एक पाला, काकडीच्या आणि गाजराच्या काड्या, तळलेले टोफू, तांदळाच्या बारीक शेवया असं सगळं वेगवेगळं मांडलेलं होतं. बाजूला कोमट पाण्याचं भांडं आणि काचेसारखे पातळ, कडक तांदळाचे पापड. हे आपलं आपण गुंडाळून खायचं, असं अर्चनानं समजावून सांगितलं. तिनं एक पापड पाण्यात बुडवला, तो बोटांना चिकटला, फाटला, आणि ती हसायला लागली. श्रीहरीचं तेच झालं.

जयतीर्थरावांनी बाह्या मागे सारल्या. पापड पाण्यात एकदाच फिरवून ताटलीत पसरला. तो मऊ पडेपर्यंत थांबले. मग आधी पाला, त्यावर शेवया, त्यावर काकडी आणि टोफू, अशी ओळ लावली, दोन्ही कडा आत घेतल्या आणि बोटांनी दाबत दाबत सुरळी केली. ती इतकी नीट झाली की आतला पुदिना बाहेरून दिसत होता. त्यांनी ती उचलून अर्चनाच्या ताटलीत ठेवली.

"शेवया आधी घातल्या की फाटतं," ते म्हणाले. "पाला आधी."

श्रीहरीनं आपल्या चॉपस्टिक वाडग्यातल्या शेवयांमध्ये उभ्या खोवल्या होत्या. जयतीर्थरावांनी हात लांब करून त्या काढल्या आणि आडव्या ठेवल्या. "अशा उभ्या ठेवू नयेत. मेलेल्या माणसासाठी तसं ठेवतात."

"अप्पा, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?" अर्चनानं विचारलं.

"पाँडिचेरीला होतो ना आधी. बँकेत. तीन वर्षं."

"म्हणजे तिथे हे मिळायचं?"

"राहायचो त्या घरी करत." त्यांनी आपलं सूप पुढे ओढलं, एक चमचा घेतला. "त्या घरी यात आलं भाजून घालत. निखाऱ्यावर. इथं घातलेलं नाही."

गोदा ऐकत होती. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि या माणसानं तिच्या ताटात कधी मिठाची चिमूटसुद्धा वाढली नव्हती. ती आजारी होती तेव्हा दोनदा शेजारणीकडून पेज आणून दिली होती, तीही डबा झाकलेलाच. आज त्यांनी सुनेसाठी सुरळी केली. पण तिला खुपलं ते सुनेचं नव्हे. ते हात खुपले. इतकी सवय तीन-चार वेळा खाऊन लागत नाही. कुणीतरी शेजारी बसून शिकवल्याशिवाय तर नाहीच.

तिनं त्या दिवशी नुसता भात मागवून खाल्ला.

घरी आल्यावर कपडे बदलता बदलता तिनं विचारलं, "ते घर कुणाचं?"

"कुठलं?"

"पाँडिचेरीचं."

"घरमालकाचं. सायगावला नोकरी करून परत आलेला माणूस. बायको तिकडची."

"स्वैपाक कोण करायचं?"

"घरातली बाईमाणसं."

"किती होती?"

जयतीर्थरावांनी सदरा खुंटीला लावला. "दोन," ते म्हणाले आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

दोन. एक घरमालकाची बायको. दुसरी कोण हे विचारायला गोदा गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच तिला भीती वाटली.

पुढचे आठ-दहा दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. भाजीवाल्याकडे पुदिन्याची जुडी दिसली तरी ती भाजी न घेताच परत फिरायची. ती जयतीर्थरावांच्या हातांकडे बघायची. त्या हातांनी ते पेपर उलटायचे, विष्णुसहस्रनामाचं पुस्तक धरायचे, गोळ्यांचं पाकीट फोडायचे. तिला वाटायचं, या हातांना आणखी काय काय येत असेल, जे मज कधी दिसलं नाही.

एका मंगळवारी तिनं रसम केलं आणि गॅसच्या ज्योतीवर आल्याचा एक तुकडा काळा होईपर्यंत भाजून, ठेचून त्यात टाकला. जयतीर्थरावांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. त्यांनी वाटीकडे पाहिलं. गोदाकडे नाही, वाटीकडे. मग सावकाश सगळं रसम भातावर ओतून घेतलं, जेवले, आणि वाटी पुढे करून म्हणाले, "आणखी वाढ."

रसम दुसऱ्यांदा त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. गोदानं वाढलं. मग स्वैपाकघरात जाऊन उरलेलं सगळं मोरीत ओतून दिलं, स्वतःसाठीही ठेवलं नाही. आपल्या घरात, आपल्या हातानं, आपण दुसऱ्या कुणाचा तरी स्वैपाक करून वाढला असं तिला वाटलं. ते आलं तिनं पुन्हा कधी भाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयतीर्थराव देवळात गेल्यावर तिनं तंजावरला फोन लावला. सकवारबाई ही जयतीर्थरावांची थोरली बहीण, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. तिला ऐकू कमी यायचं, पण आठवण पक्की होती.

गोदानं आधी गुडघ्यांची चौकशी केली, उन्हाचं विचारलं. मग म्हणाली, "अक्का, हे पाँडिचेरीला होते तेव्हा कुणाच्या घरी राहायचे?"

"कशास विचारतेस ते आता?"

"असंच. परवा विषय निघाला."

"त्यानं काढला?"

"हो," गोदा खोटं बोलली.

सकवारबाईला बरं वाटलं असावं. "मग बरं झालं. इतकी वर्षं मनात ठेवलंन ते. ती पोरगी काही वाईट नव्हती म्हणे. आई तिकडची, बाप ख्रिस्ताव. आमच्या वडलांस कुणीसं येऊन सांगितलं की तुमचा जयतीर्थ त्यांच्यात बसून काड्यांनी जेवतो. मग काय विचारतेस. वडील दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. ओळखीच्यास सांगून बदली करवली आणि वीस दिवसांत तुझ्या बापाकडे जाऊन लग्न ठरवलं. घाई घाई. मांडवाससुद्धा दिवस नव्हते."

"वीस दिवसांत," गोदा म्हणाली.

"तुज ठाऊकच असेल की आता. त्यानं सांगितलं म्हणालीस ना."

गोदानं फोन ठेवला.

तिला जे ठाऊक होतं ते वेगळं होतं. तिच्या लग्नाची एक गोष्ट होती. कुंभकोणमला कुणाच्या तरी लग्नात ती पानकाचे पेले वाटत होती, वय एकोणीस. जयतीर्थरावांनी तिला लांबून पाहिलं आणि वडलांना म्हणाले, हीच मुलगी, आणि लवकर. म्हणून ती घाई. मुलगा थांबायला तयार नाही, असं मामंजींनी तिच्या आईला हसत हसत सांगितलं होतं. आईनं ते गोदाला सांगितलं, आणि गोदानं ते आयुष्यभर जपलं. नवरा बोलत नाही, कौतुक करत नाही, वाढदिवस लक्षात ठेवत नाही, तेव्हा तेव्हा ती मनाशी म्हणायची, पण त्यांनीच मज पाहून मागितलं. ती गोष्ट तिनं बहिणींना सांगितली होती, शेजारणींना सांगितली होती, अर्चनाला तर तीन-चारदा. अर्चनाला तिचं 'मज' आणि 'तुज' फार आवडायचं, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. जयतीर्थराव जवळ असले तर काही बोलत नसत. ते लाजतात, असं गोदाला वाटायचं.

त्या पोरीनं तिचा नवरा नेला नव्हता. नवरा तर इथेच होता, रोज दोन वेळा जेवत होता. पण गोदाकडे जी एकच गोष्ट होती ती तिनं नेली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी गोदा म्हणाली, "उद्या मज त्या रेस्टॉरंटात घेऊन चला. आपण दोघंच."

जयतीर्थरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू तर काही खाल्लं नव्हतंस."

"म्हणूनच."

अशोक नगरहून मेट्रोनं ती दोघं गेली. गुरुवार होता, दुपार, रेस्टॉरंट अर्धं रिकामं. तीच मिझोरामची मुलगी आली. जयतीर्थरावांनी मागवलं. माशाचा सॉस कशातच नको, हे दोनदा सांगितलं. ताट आलं. ते पापडाकडे हात नेणार, इतक्यात गोदा म्हणाली, "थांबा. आधी नाव सांगा तिचं."

त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. हात मांडीवर घेतला.

"सकवारक्कानं सांगितलं?"

"नाव नाही सांगितलं."

"लान."

गोदानं ते नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. किती छोटं. हाक मारायला काही श्रमच नाहीत.

"रोज जेवायचात त्यांच्याकडे?"

"रोज कसा जेवेन? मासे, सगळंच असायचं. तिची आई पौर्णिमेला आणि अमावास्येला बिनमांसाचं करायची, त्यांच्या देवासाठी. त्या दिवशी बोलवायचे. महिन्यातून दोनदा."

"महिन्यातून दोनदा," गोदा म्हणाली. "तीन वर्षं."

"हो."

"लग्न करायचं होतं?"

जयतीर्थरावांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. "होतं. विचारलं नाही मी. धीर झाला नाही. वडील आले, बदली झाली. पुढच्या वर्षी ती सगळी फ्रान्सला गेली, असं ऐकलं. पत्र नाही, काही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, म्हणून सांगितलं नाही."

"दिसायला कशी होती?"

"चेहरा आठवत नाही."

"खोटं बोलू नका या वयात."

"खरंच आठवत नाही, गोदा. हात आठवतात. पापड पसरताना."

चेहरा आठवतो म्हणाले असते तर गोदानं सहन केलं असतं. चेहरे सुंदर असतात, पुरुषाच्या लक्षात राहतात. हात कुणाचे कोण लक्षात ठेवतं? तिनं आपले हात टेबलाखाली घेतले. तिच्या डाव्या अंगठ्यावर जुना भाजल्याचा डाग होता, नखं हळदीनं कायमची पिवळी झाली होती. या हातांचं खाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, आणि उद्या मी गेले तर यांना यातलं काय आठवेल, हा प्रश्न तिच्या ओठापर्यंत आला. तिनं तो विचारला नाही.

तिनं दुसरंच विचारलं. "म्हणजे कुंभकोणमला तुम्ही मज पाहिलंच नव्हतं."

"नाही. त्या लग्नाला मी गेलोसुद्धा नव्हतो. तुज पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट काढल्यावर."

"मग ती गोष्ट?"

"वडलांनी रचली. तुझ्या आईस घाईचं काहीतरी कारण सांगायला हवं होतं."

"आणि तुम्ही इतकी वर्षं ऐकत बसलात."

"पहिल्यांदा तू सांगितलीस तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू किती खुशीत सांगत होतीस. मग राहून गेलं. मग तू इतक्यांदा सांगितलीस की कधी कधी मजच वाटायचं, पाहिलं असेन. पानकाचा पेला वगैरे दिसायचा मज."

वाढणारी मुलगी येऊन काही हवं का विचारून गेली. पाण्याचं भांडं निवलं होतं. तिनं ते बदलून दिलं.

गोदाला रडू आलं नाही. तिला भूक लागली होती, आणि भूक लागली याचाच तिला राग आला. जयतीर्थरावांनी पापड पाण्यात फिरवला, पसरला, पाला लावला. सुरळी करून तिच्या ताटलीत ठेवली. तिनं त्या सुरळीकडे पाहिलं. हीच ओळ, ह्याच कडा, हाच दाब. ही तिचीच, त्या लानची, फक्त इतक्या वर्षांनी माझ्या ताटलीत आली.

"हे मज नको," ती म्हणाली. "तुम्ही खा."

तिनं स्वतः पापड घेतला. तिचा फाटला. दुसरा घेतला, तोही. शेवटी तिनं शेवया, पाला, काकडी सगळं ताटलीत एकत्र कालवलं, वरून शेंगदाण्याची चटणी ओतली आणि हातानं खाल्लं. चांगलं लागलं. तिनं सगळं संपवलं. जयतीर्थराव आपली एक सुरळी हळूहळू खात राहिले. दुसरी त्यांनी केली नाही.

परतीच्या मेट्रोत गर्दी नव्हती. दोघं शेजारी बसली. गाडी बोगद्यातून जात होती, समोरच्या काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसत होते. तिरुमंगलम गेल्यावर गोदा म्हणाली, "तुम्ही बोलायचात कुठल्या भाषेत?"

"कोण?"

"तुम्ही आणि ती."

"तमिळमध्ये. तिची तमिळ मोडकीतोडकी होती."

गोदा यावर विचार करत राहिली. तमिळमध्ये. मराठी नाही. रागावणं, तापात बरळणं, श्रीहरी झाला तेव्हा दवाखान्याच्या दारातून "कसं आहे गो" म्हणून विचारणं, हे सगळं मराठीत झालं होतं, आणि ते सगळं तिचं होतं. आपल्या घरची ही भाषा या शहरात मोजक्या घरांत उरली होती. त्या पोरीला तिचा एक शब्दही ठाऊक नसणार. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला. गाडी बोगद्यातून वर आली, कोयंबेडूचं ऊन डब्यात पसरलं.

खात्री करून घ्यावी म्हणून तिनं विचारलं, "मराठी नाही ना शिकवलीत तिला?"

गोदा त्यांच्याकडे वळली.

"एक शब्द," ते म्हणाले.

"कुठला?"

"पुरे."

"पुरे?"

"ती वाढतच राहायची. थांबायची नाही. मी एकदा चुकून मराठीत पुरे म्हणालो. तिला गंमत वाटली. मग वाढताना तीच विचारायची, पुरे? पुरे?"

गोदा पुन्हा समोर वळली. पुरे. भात वाढताना, सार वाढताना, ताक ओतताना. दिवसातून निदान चार वेळा, चव्वेचाळीस वर्षं. जेवताना हा माणूस एवढा एकच शब्द बोलायचा, आणि तोसुद्धा त्या पोरीनं आधी वापरून ठेवला होता.

अरुंबाक्कम गेलं. वडपळनी आलं, दारं उघडली, मिटली.

"उद्यापासून जेवताना तो शब्द म्हणू नका," गोदा म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. ताटावर हात आडवा धरा. मज समजेल."

"बरं," ते म्हणाले.

तेव्हापासून ते तसंच करतात. ताटावर हात धरतात, गोदा थांबते. कधी कधी ते मुद्दाम उशिरा धरतात की काय असं तिला वाटतं, पण ती विचारत नाही. परवा अर्चना जेवायला आली होती, तिच्या ते लक्षात आलं. अप्पा हल्ली अगदीच बोलेनासे झालेत, त्यांना एकदा डॉक्टरला दाखवायचं का, असं तिनं गोदाला स्वैपाकघरात हळूच विचारलं. गोदा म्हणाली, काही नको, त्यांना काही झालेलं नाही.